एक दार, एक हात

सिस्टरांनी उभ्या आयुष्यात भल्याभल्या हट्टी माणसांना सरळ केलं होतं. सुई बघून पलंगाखाली शिरलेला आडदांड गडी त्यांनी पायाला धरून बाहेर ओढला होता, भेटीची वेळ संपली तरी न हलणारे नातेवाईक नुसत्या नजरेनं जिना उतरवले होते, आणि एका नामांकित सर्जनला हात नीट धुतले नाहीत म्हणून शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारातून परत पाठवलं होतं. पण गल्लीच्या टोकाची धुलाईखोली वाचवायचं मनावर घेतलं आणि ह्या बाईच्या नाकी नऊ आले.

इस्पितळातून निवृत्त झाल्या तरी गल्लीला त्या सिस्टरच. आवाजही अजून वॉर्डातलाच. त्या नळावर नुसत्या "कोण आहे तिकडे?" म्हणाल्या तरी दोन घरं पलीकडे माणसं सावरून बसायची.

तर ती धुलाईखोली. राजवाडा वगैरे काही नव्हे. घरोघरी नळ नव्हते तेव्हा सगळ्या गल्लीनं मिळून बांधलेली लांबट, बसक्या छपराची खोली. एका भिंतीलगत कपडे बडवायचे उतरते दगड, दगडांच्या डोक्यावर पितळी नळ, मधून वाहणारी मोरी, कोपऱ्यात पाणी तापवायचा गंजलेला बंब आणि हात पोचणार नाही इतक्या उंचीवर दोन झरोके. घरात धुण्याची यंत्रं आल्यापासून तिथे कोणी कपडे धूत नव्हतं. मोडक्या खुर्च्या, रंगाचे वाळलेले डबे, एक तीनचाकी पाळणा, असलं सगळं तिथे येऊन पडायचं. गल्लीची बैठक तेवढी तिथे भरायची, कारण सगळ्यांच्या मालकीचं दुसरं छप्परच नव्हतं.

पण एके काळी, बायकांना मत द्यायचा हक्क नव्हता तेव्हा, तो मिळावा म्हणून गल्लीतल्या बायका ह्याच खोलीत जमायच्या. घरात जमावं तर सासरे आणि नवरे कान टवकारणार, चौकात जमावं तर पोलीस हटकणार. धुलाईखोलीत मात्र कुठलाही पुरुष फिरकत नसे; उगाच कोणी हातात पिळायला चादर दिली तर काय घ्या! म्हणून अर्ज इथे लिहिले गेले, घोषणा इथे ठरल्या, मोर्चा इथून निघाला, आणि तुरुंगातून सुटलेल्या बायका घरी जाण्याआधी इथे येऊन एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सिस्टरांना हे सांगितलं होतं त्यांच्या वॉर्डातल्या एका जख्ख म्हातारीनं. तिची आई त्या बैठकांना होती. म्हातारी गेली, पण सिस्टरांच्या डोक्यात ती खोली जी बसली ती बसलीच. आपण रोज ज्या दारावरून भाजीची पिशवी घेऊन जातो त्या दारामागे हे घडलं, आणि गल्लीला त्याचं काही नाही? त्यांना हे सहनच होईना.

आधी त्या वारसा खात्यात गेल्या. तिथून एक साहेब आला. त्यानं खोलीभर नजर फिरवली, बंबाला बोट लावून पाहिलं, बोट रुमालाला पुसलं आणि म्हणाला, "बाई, इमारतीला शोभा नाही."

"शोभा बघायला आलात की इतिहास?"

"तसं नाही हो. कमान नाही, कोरीवकाम नाही, लोक येऊन बघणार काय?"

"मोरी," सिस्टर म्हणाल्या. "मोरी बघतील. बायकांना दुसरीकडे कुठे बसायला दिलं होतं तुम्ही?"

साहेबाला तो नव्यानंच बदलीवर आला असल्याचं आठवलं. शेवटी पुष्कळ खेटे घातल्यावर खात्यानं एवढं मान्य केलं, की गल्लीनं स्वतः ठराव करून खोली जपायचं ठरवलं तर खातं पाटी लावेल आणि छपराची डागडुजी करेल. गल्लीला नको असेल तर खात्याला काय पडलंय?

आणि इथेच घोडं पेंड खात होतं. कारण त्याच जागेवर डोळा ठेवून दुसरा ठराव आधीच तयार होता. खोली पाडा, जागा सपाट करा, गाड्या लावा. गल्ली अरुंद, गाड्या पुष्कळ. संध्याकाळी कामावरून आलेली माणसं जागा शोधत चौकाला प्रदक्षिणा घालायची आणि एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरायची. पार्किंगवाल्यांचं पुढारपण कोणाकडे? तर सिस्टरांच्या सख्ख्या नणंदेकडे!

नणंदबाईंची मोटार शिकवायची शाळा होती. समोरच्याच घरात राहायच्या. नवरा गेल्यावर घर त्यांच्या नावावर झालेलं. शाळेच्या गाड्यांवर पुढे-मागे लाल पाट्या, आणि प्रत्येक गाडीला कोणा ना कोणा शिकाऊ माणसानं खांबाला घासून आणलेली नक्षी. त्या वहिनीचं तोंडावर कौतुक करायच्या आणि बैठकीत नेमकं उलट बोलायच्या.

"वन्सं, तुम्ही बाई असून असं बोलता?" सिस्टरांनी एकदा न राहवून विचारलं होतं.

"वहिनी, मी बाई आहे म्हणून मला गाडी लावायला जागा नको का?"

ह्यावर काय बोलणार, कपाळ!

घरात तर आणखीच तऱ्हा. सिस्टरांच्या यजमानांचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस इतका गरीब स्वभावाचा, की गिऱ्हाईकानं फळ्यावरचं अक्षर चुकीचं वाचलं तरी "जवळजवळ बरोबर" म्हणायचा. सिस्टर दिवसभराची वणवण करून घरी यायच्या, चपला भिरकावायच्या आणि तावातावानं सगळं सांगायच्या. ते ऐकून घ्यायचे, काच पुसत राहायचे आणि शेवटी म्हणायचे, "तू म्हणशील तसं."

"अहो, पण तुम्हाला काय वाटतं?"

"मत तुझ्या बाजूनं देणार मी. झालं ना?"

"तुम्हाला स्वतःचं काही मत आहे की नाही?"

"असतं तर तुझ्या कामी आलं असतं का?" ते हसून म्हणायचे आणि काच उजेडाकडे धरायचे. सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. भांडायला उभं राहावं आणि समोरच्यानं खुर्ची पुढे करावी, ह्याच्यासारखी चीड आणणारी दुसरी गोष्ट नाही.

आणि मत यजमानांचंच होतं, ही खरी मेख. गल्लीचा नियम असा, की एक दार, एक हात. घर ज्याच्या नावावर तो हात वर करणार. घरं बहुतेक सगळी बाप्यांच्या नावावर. त्यामुळे बैठकीला पुरुष खुर्च्यांवर, आणि बायका मागे बंबापाशी चहाचे पेले हातात घेऊन उभ्या. बोलायला बंदी नव्हती, बोलायच्याही. पण हात वर करायची वेळ आली की पेले गोळा करायला लागायच्या. नणंदबाईंचं घर तेवढं त्यांच्या नावावर, म्हणून त्या पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसायच्या. हा नियम कोणी केला, कधी केला, कोणाला ठाऊक नव्हतं. अध्यक्षांना मात्र तो प्राणापलीकडे प्रिय. ते कोर्टात कारकून होते. तिथून सुटले तरी कायदा त्यांना सोडीना. उठता-बसता कलम काढायचे, म्हणून गल्ली त्यांना कलमकाका म्हणायची. माणूस मनानं वाईट नव्हता, पण घराला आग लागली असती तर बादली कोणत्या कलमाखाली उचलायची हे त्यांनी आधी पाहिलं असतं.

सिस्टरांनी नियमाशी हुज्जत घातली नाही. वेळ कुठे होता? त्यांनी सरळ बाप्यांना धरलं. दारोदार फिरल्या. कोणाच्या वडलांना रात्र-रात्र बसून औषध पाजलं होतं, कोणाचं बाळंतपण सांभाळलं होतं, कोणाच्या पायातली काच काढली होती. सगळं आठवणीनं बोलून दाखवलं. सभ्यपणा गुंडाळून ठेवला म्हणा ना. दुकानदार, कारकून, बसचा कंडक्टर, एकेकानं मान डोलावली. बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांनी मनातल्या मनात दारं जुळवली, आणि थोडक्यात का होईना, त्यांची सरशी होती. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्या धुलाईखोलीत शिरल्या त्या जिंकल्यासारख्याच.

बैठक सुरू झाली. कलमकाकांनी घसा खाकरून दोन्ही ठराव वाचले. सिस्टरांना बोलायला दिलं. त्या बोलल्याही फर्मास. दगडांवरून हात फिरवत त्यांनी त्या बायकांचं वर्णन केलं, त्यांच्या हिमतीचं केलं, पाटीवर कोणाकोणाची नावं कोरायची ते सांगितलं. "इथे त्या बोलायच्या," त्या म्हणाल्या, "आणि बाहेर शब्दसुद्धा जायचा नाही. कपडे बडवायच्या आवाजात सगळं बुडून जायचं. अशी युक्ती होती त्यांची!" मागे बंबापाशी कोणीतरी "बाई गं!" म्हणालं. सिस्टरांचं काळीज सुपाएवढं झालं.

तेवढ्यात नणंदबाई उठल्या.

"वहिनी, एक विचारू? तो आवाज कोण करायचं?"

"म्हणजे काय? धुणं चालू असायचं ना."

"धुणं आपोआप होतं का?"

सिस्टर थबकल्या. नणंदबाईंच्या आवाजात नेहमीचा चावरेपणा नव्हता. त्या दगडाकडे बघत होत्या.

"माझी आजी करायची. सगळ्या गल्लीचं धुणं तिच्याकडे होतं. बैठक असली की तिला निरोप यायचा, आज हात थांबवायचा नाही. कपडे संपले तर कोरडा दगड बडव, पण आवाज बंद पडता कामा नये. त्या पलीकडे बसून बोलायच्या, आजी इकडे धोपाटणं मारत राहायची. तिला त्यातला एक शब्द ऐकू यायचा नाही, वहिनी. आवाज तिचाच होता ना!"

खोलीत कोणी पेलासुद्धा खाली ठेवेना.

"पुढे मत मिळालं. कोणाला मिळालं? ज्यांच्या नावावर घर, त्या बायकांना. आजीच्या नावावर काय होतं, धोपाटणं? त्या नटूनथटून मत द्यायला गेल्या तेव्हा घरची धुणी आजीकडेच टाकून गेल्या. सगळ्यांना मत मिळालं तोवर तिचा खांदा धरला होता. हात वर होत नव्हता. तुमच्या पाटीवर तिचं नाव नाही, आणि मला नकोही आहे ते. मला ही खोली डोळ्यांसमोर नको. बस."

नणंदेची आजी म्हणजे नवऱ्याचीही आजी. सिस्टरांनी गर्रकन वळून यजमानांकडे पाहिलं. ते चष्मा काढून पुसत होते.

"अहो! तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"आणि इतक्या दिवसांत मला सांगितलं नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

सिस्टरांना वाटलं, आपण किंचाळणार. मी विचारलं नाही! रोज संध्याकाळी ह्यांच्यापुढे डोकं फोडत होते ते काय होतं? पण लगेच त्यांच्या लक्षात आलं, की आपण विचारलं होतं ते मत. खोलीबद्दल तुमच्या घरात कोणाला काही आठवतं का, हे खरंच कधी विचारलं नव्हतं. हे लक्षात आल्यामुळे त्या जास्तच भडकल्या.

"आणि आज तरी काय चाललंय?" नणंदबाई बोलतच होत्या. "घर ज्याच्या नावावर, हात त्याचा. ह्या सगळ्याजणी बंबापाशी उभ्या. बायकांच्या मताची खोली वाचवायची, आणि ती कोणी? चष्मेवाल्यानं आणि कंडक्टरनं! करा, करा. तुमची दारं जुळलेली आहेत, मला ठाऊक आहे. माझी हार आहे. पण मग पाटी लावताना निदान खालच्या आवाजात लावा."

त्या बसल्या. कलमकाका म्हणाले, "हे सगळं विषयपत्रिकेत बसत नाही. मतदान घेऊ या."

आता गप्प बसलं असतं तर काम फत्ते होतं. सिस्टरांना ते दिसत होतं. खुर्च्यांवर त्यांनी पढवून आणलेले सगळे बसले होते. हात वर व्हायचा अवकाश, खोली वाचली असती. नंतर नियमाचं काय ते बघता आलं असतं. पण बंबापाशी गल्लीतल्या बेकरीवालीनं सवयीनं रिकामे पेले गोळा करायला सुरुवात केली होती. त्या पेल्यांचा एकमेकांवर आपटून आवाज होत होता. सिस्टरांना तो ऐकवेना.

"ठेवा ते खाली!" त्या ओरडल्या. बेकरीवालीच्या हातून एक पेला सुटलाच. "काका, आधी माझा एक ठराव आहे. दारं मोजायची नाहीत. गल्लीत राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचा हात मोजायचा. बाई असो, बाप्या असो."

"तुम्हाला ठराव मांडता येत नाही," कलमकाका म्हणाले. "दार यजमानांच्या नावावर आहे."

"अहो, मांडा!"

यजमान उठले. "ही म्हणते तो ठराव मी मांडतो," ते म्हणाले आणि बसले.

ठराव चुटकीसरशी मंजूर झाला. बाप्यांनी कुरकुर न करता हात वर केले, आणि त्यात त्यांचा काही मोठेपणा होता असं समजू नका. प्रत्येकाचा हिशेब एकच, की घरात आता आपले दोन हात झाले. बायको काय वेगळं सांगणार? सिस्टरांचाही हिशेब तसाच सोपा. बायका म्हणजे आपल्याच की! इतक्या वर्षांनी ह्याच खोलीत ह्यांना हात वर करायला मिळतोय, तो त्या दुसऱ्या कोणत्या बाजूला करतील? त्यांचे डोळे भरून आले. बंबापाशी उभ्या असलेल्या सगळ्या पुढे आल्या, खुर्च्यांच्या मधल्या वाटेत दाटीनं उभ्या राहिल्या. एकीनं पदर खोचला, एकीनं ओले हात पुसले. वर करायचा हात कोरडा हवा असं तिला वाटलं असावं.

"खोली जपावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा," कलमकाका म्हणाले.

बाप्यांनी शब्द पाळला. कंडक्टरनं, दुकानदारांनी, कारकुनांनी, सगळ्यांनी हात वर केले. बायकांपैकी काहीजणींनी केले. सिस्टरांनी तर खांदा निखळेल इतका उंच केला. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. पुष्कळ हात खालीच होते.

"पार्किंग व्हावं असं ज्यांना वाटतं त्यांनी."

पहिला हात बेकरीवालीचा.

"तुम्ही?" सिस्टरांच्या तोंडून निघून गेलं.

"रागावू नका, सिस्टर. रोज पहाटे पावाची गाडी पार कोपऱ्यावर लागते, आणि तिथवर पेट्या मी उचलून नेते. ते उचलतात का? ते भट्टीपाशी. माझी कंबर तुम्हीच तर शेकायला सांगितलीत."

तिच्या नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आता एकामागून एक हात वर जाऊ लागले. एकीची सासू चाकाच्या खुर्चीत, गाडी दारापर्यंत येत नाही म्हणून दवाखान्याला न्यायची तर गल्लीभर ढकलत न्यावी लागते. एकीला खोलीतल्या ओलीमुळे शेजारच्या भिंतीला बुरशी येते त्याचा वीट आला होता. कंडक्टरच्या बायकोनं काही कारण सांगितलं नाही, नुसता हात वर केला आणि नवऱ्यानं "अगं, अगं" करत कोपर ओढलं तर त्याला झटकून टाकलं. नणंदबाईंचा हात तर होताच. आणि त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर आणखी एक हात हळूच वर आला.

सिस्टरांच्या यजमानांचा.

"अहो!" सिस्टर म्हणाल्या.

"आता तुला तुझा हात मिळाला ना," ते म्हणाले. "इतके दिवस तुला नव्हता, म्हणून माझा तुला दिला होता. लहानपणी आजीच्या खांद्याला तेल मी चोळायचो गं. मला नाही आवडत ही खोली. कधीच नाही आवडली."

आयुष्यभर "तू म्हणशील तसं" म्हणणाऱ्या माणसाला मत फुटलं ते आज, आत्ता, इथे! दुसरा मुहूर्त मिळाला नसता का? सिस्टरांना त्यांचा गळा दाबावासा वाटला आणि त्याच वेळी त्यांच्या शेजारी जाऊन बसावंसंही वाटलं. दोन्ही शक्य नव्हतं, म्हणून त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

कलमकाकांनी हात मोजले. पुन्हा मोजले. पार्किंग चांगल्या फरकानं जिंकलं होतं.

जिंकलेल्या बायकांनाही टाळी वाजवावी की नाही कळेना. कलमकाकांना सिस्टरांचा चेहरा बघवला नाही. त्यांच्या आईचं शेवटचं आजारपण सिस्टरांनी काढलं होतं. ते खुर्ची सरकवून जवळ आले आणि आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सिस्टर, घाबरू नका. हे टिकत नाही. नियम बदलायचा तर आधी सूचना फिरवावी लागते, ती फिरवली नाही. म्हणजे बायकांचे हात कलमात बसत नाहीत. मी ते बाद ठरवतो आणि जुन्या पद्धतीनं दारं मोजतो. यजमान मग तुमच्या बाजूनं मत देतील. काय हो?"

यजमानांनी बायकोकडे पाहिलं आणि मान डोलावली. दार एकच असेल तर हात तिचा, हे त्यांच्या बाजूनं ठरलेलंच होतं.

"मग झालं. खोली वाचली," कलमकाका म्हणाले. "तुम्ही नुसतं हो म्हणा."

वाटेत दाटीनं उभ्या असलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. दोघीतिघी सवयीनं मागे सरकल्याही, बंबाकडे. बेकरीवालीनं अजून हात खाली घेतला नव्हता. तो घ्यावा की ठेवावा अशा संभ्रमात ती सिस्टरांच्या तोंडाकडे बघत होती. नणंदबाईही बघत होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि सिस्टरांना त्यांचा राग आला तो नेमका ह्यासाठीच. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

सिस्टरांनी खोली डोळे भरून पाहून घेतली. ते उतरते दगड, ते नळ, उंचावरचे ते झरोके. किती खेटे घातले होते, किती जणांच्या विनवण्या केल्या होत्या! एक "हो" म्हटलं की सगळं राहणार होतं. त्यांना रडू येत होतं, आणि रडू आलं की त्यांचा आवाज नेहमीच चढायचा.

"काका, तुम्ही हात मोजलेत ना?"

"मोजले, पण कलमात—"

"खड्ड्यात गेलं तुमचं कलम! मोजले ना? मग मोजले. मला पटले नाहीत म्हणून बाद? एकीचा हात मोजायचा, दुसरीचा नाही, असं ह्या गल्लीत एकदा होऊन गेलंय, आत्ताच ऐकलंत. मंजूर म्हणा. पार्किंग मंजूर, मोठ्यानं म्हणा."

"अहो, पण मग खोली पाडावी लागेल."

"मला कळतं पाडणं म्हणजे काय ते! म्हणा!"

कलमकाकांनी म्हटलं. आवाज जेमतेम निघाला.

सिस्टर तडक बाहेर पडल्या. यजमान चपला शोधत मागे राहिले, आणि ते बरंच झालं. आत्ता त्यांच्याशी बोलल्या असत्या तर दिवसभर पुरलं असतं. ऊन चढलं होतं. गल्लीत गाड्या नेहमीसारख्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. त्यांच्यामधून वाट काढताना सिस्टरांचा पदर एका आरशाला अडकला. त्यांनी तो हिसडून सोडवला आणि त्या गाडीच्या मालकाला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्या पुसतही नव्हत्या.

मागून पावलं वाजली. बेकरीवाली धावत येत होती. तिच्यामागे कंडक्टरची बायको, त्या चाकाच्या खुर्चीवाल्या सासूची सून, आणखी दोघीतिघी. जवळ येऊन सगळ्या अडखळल्या.

"सिस्टर, रागावलात?"

"हो. खूप रागावलेय. चार दिवस माझ्या वाऱ्याला उभ्या राहू नका."

"बरं." बेकरीवालीनं इतरजणींकडे पाहिलं, मग पुन्हा सिस्टरांकडे. "पण पुढच्या बैठकीला... म्हणजे पुढच्या वेळी पण आम्ही यायचं ना? खुर्चीवर बसायचं? चालेल ना तुम्हाला?"

सिस्टर गर्रकन वळल्या. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा वॉर्डातल्या आवाजात त्या कडाडल्या, "विचारून येणार असाल तर येऊच नका!"